मामेसासऱ्यांची नानखटाई

आमच्या मामेसासऱ्यांइतका मोजूनमापून वाईट पदार्थ करणारा माणूस साऱ्या काशीत शोधून सापडणार नाही. घाईत, आळसात किंवा वैतागून स्वयंपाक बिघडवणारे पुष्कळ असतात. मी स्वतः त्यांतलाच. पण तराजूच्या काट्यावर नजर खिळवून, मैद्याचा कण न् कण तोलून, घड्याळ लावून, वहीत नोंद करून आणि एवढं सगळं झाल्यावर जिने भिंतीत खिळा ठोकता येईल अशी नानखटाई बाहेर काढायची, याला तपश्चर्या लागते. मामांनी ती केली. तिचं फळ स्वतःपुरतं न ठेवता दर दिवाळीला एकतीस घरांत वाटलं. हा त्यांचा मोठेपणा की आमचं प्रारब्ध, हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

मी रेल्वेतला माणूस. बदली होऊन बनारसला आलो, इथल्याच एका जुन्या मराठी घरातली मुलगी केली आणि तिच्याबरोबर तिचे हे मामाही पदरात पडले. मामा दुर्गाघाटाच्या गल्लीत राहतात. विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षं सहायकाची नोकरी केली. गावोगावची माती पिशव्यांतून यायची, मामा ती तोलायचे, एकशे पाच अंशांवर चोवीस तास वाळवायचे आणि परत तोलायचे. पस्तीस वर्षं हेच केल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू वाळवून तोलल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकायचा नाही, असं त्यांच्या अंगातच मुरलं. पालकाची जुडी घेताना ते भाजीवाल्याला आधी पाणी झटकायला लावतात, मग काट्यावर ठेवू देतात. आमच्या लग्नाच्या बोलणीत सगळ्यांनी माझा पगार विचारला. मामांनी वजन विचारलं. मी सांगितलं तर म्हणाले, "जेवणाआधीचं की नंतरचं?" मी म्हटलं, "अंदाजे सांगितलं मामा." त्यावर ते सासूबाईंकडे वळले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मुलगा ठीक आहे, पर अंदाजाने बोलतो."

मामी बरोबर उलट. त्यांच्या घरात माप म्हणजे मूठ आणि घड्याळ म्हणजे नाक. त्यांच्या करंज्या, चकल्या, अनारसे दिवाळीला दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या एकतीस मराठी घरांत जायचे. मामांकडे फक्त डबे पोहोचवायचं काम असायचं आणि तेही ते झाकणांवर नंबर घालून करायचे. मला मामी फार आवडायच्या. एका वैशाखात चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या. त्या वर्षी दिवाळीला, रीतीप्रमाणे, त्यांच्या घरात कढई चढायची नव्हती. वर्ष सरेपर्यंत त्या घरात तळण नाही, इतरांनी त्यांना फराळ द्यायचा. एकतीस घरांनी दिला. मी भेटायला गेलो तर मामा पाटावर बसले होते आणि भोवती डबेच डबे. म्हणाले, "जावईबापू, सगळ्यांकडून आलं. आपल्या घरून कुठेच काही गेलं नाही." हे वाक्य त्यांनी त्या तासाभरात तीनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते ब्रह्माघाटावरच्या गुरुजींकडे जाऊन धडकले. मी सोबतीला होतो. गुरुजी म्हणजे विद्वान माणूस, पण दिवाळीच्या जेवणानंतर लवंडलेले. मामांनी त्यांना उठवून बसवलं आणि सवाल टाकला: तळण वर्ज्य, हे मान्य, पण भाजण? गुरुजी म्हणाले, "भाजण म्हणजे?" "म्हणजे भट्टीत. नानखटाई वगैरे." गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं परत झोपले. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या भट्टीला कढई असते का?" मामा म्हणाले, "नाही, जाळीचे कप्पे असतात." "झाऱ्या?" "झाऱ्याही नाही." "मग दोष नाही," असं म्हणून गुरुजी आडवे झाले. शोकाच्या वर्षात पळवाट काढून फराळ वाटणारा पहिला माणूस या काशीत त्या दुपारी तयार झाला आणि त्या पापात थोडा वाटा माझाही आहे, कारण गुरुजींना उठवायला दाराची कडी मीच वाजवली होती.

आता भट्टी आणायची कुठून? मामांच्या खात्यात जुनं सामान लिलावात निघालं होतं. त्यात माती वाळवायचा तो ओव्हनही होता, ज्याच्यापुढे मामांनी आयुष्य काढलं. दुसरं कुणी बोली लावायचा प्रश्नच नव्हता. तो लोखंडी ऐवज टेम्पोने गल्लीच्या तोंडापर्यंत आला; पुढे आमच्या गल्ल्यांत गाडी जात नाही. मामांनी चार माणसं केली. रंग खरवडू नये म्हणून ओव्हनला पांढरी चादर गुंडाळली, ती सुतळीने घट्ट बांधली आणि तो दोन बांबूंवर आडवा घालून चौघांच्या खांद्यांवर दिला. पुढे मामा, खाली मान घालून, कारण ते पायऱ्या मोजत होते. मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे जाणारे लोक आमच्या गल्ल्यांना रोजचेच. दुकानदार एकेक करून उठले, हात जोडले, रस्ता दिला. एक पानवाला तर दुकानाच्या फळीवरून खाली उतरला आणि त्याने मनोभावे वीस पावलं खांदा दिला. मग त्याला ते जरा जडच वाटलं असावं. त्याने हळूच विचारलं, "के गुजर गयल, भइया?" पुढचा हमाल धापा टाकत म्हणाला, "केहू नाहीं, भट्ठी हौ." पानवाल्याने खांदा काढून घेतला आणि मामांना जे काही ऐकवलं, ते बनारसमध्ये प्रेमाने बोललं जातं असं म्हणतात.

त्या वर्षीची दिवाळी हुकली, पण पंधरा दिवसांनी इथे देवदिवाळी असते. तिच्या मुहूर्तावर पहिली नानखटाई निघाली. सामान उत्तम होतं, तूप तर घरी कढवलेलं. फक्त मामांना ओव्हनचा एकच आकडा ठाऊक होता आणि त्याच्यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी ती नानखटाई एकशे पाच अंशांवर चोवीस तास ठेवली. मी विचारलं, "मामा, एवढा वेळ?" तर म्हणाले, "ओलावा शून्यावर यायला पाहिजे." आला. नानखटाई चहात बुडवली की चहा संपायचा आणि ती तशीच राहायची. गुरुजींची एक दाढ तिने घेतली. सत्तूची बिस्किटं केली होती, त्यांच्याकडे बघून आमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "दादा, ही कोणत्या गावची?"

वर्ष सरलं. आम्हाला वाटलं, आता कढईला मोकळीक झाली, मामा थांबतील. ते थांबले नाहीत. उलट प्रयोगाला शिस्त आली. डबे म्हणून ते मिठाईची जुनी खोकी उलटी करून चिकटवत, म्हणजे बाहेरून पांढरं आणि आतून लवंगलता नावाच्या इथल्या मिठाईचा मंद वास. झाकण उघडेपर्यंत माणसाच्या आशा वाढायच्या. झाकणावर घाण्याचा नंबर, तारीख आणि तापमान. आत सर्वांत वर अभिप्रायाचा कागद: रंग कसा, गोडी कशी, खुसखुशीत आहे का आणि शेवटी, 'दुसरी खावीशी वाटली का? हो किंवा नाही.' देवदिवाळीच्या आठवड्यात सगळं गाव घाटावर पणत्या मांडत असताना मामा खांद्याला झोळी अडकवून घरोघर हे कागद गोळा करत फिरायचे. दारात उभे राहून म्हणायचे, "तारीफ नको. मला खरं सांगा. खरं कळल्याशिवाय पुढचा प्रयोग करू कसा?" एका माणसाला सुद्धा ते खरं सांगायचा धीर झाला नाही. गुरुजींनी दाढेवर हात ठेवून 'टिकाऊ' असं लिहिलं. बाकी सगळीकडे 'उत्तम', 'अतिउत्तम', 'दुसरी खावीशी वाटली: हो'. घरोघरच्या पोरांना मराठी लिहिण्याचा कंटाळा, ती 'मस्त है नाना' लिहून मोकळी व्हायची. आणि खायचं म्हणाल तर पहिल्या वर्षानंतर कुणी दाताला लावलीच नाही. कुणी गाईला घातली, कुणी माळ्यावर टाकली. खोटं बोलण्यात आम्ही मराठी माणसं मागे आहोत असा जो समज आहे तो एकदा मामांची झोळी उघडून तपासावा.

आमचा डबा मी गंगेत सोडायचो. कामासाठी मला अधूनमधून रामनगरला जावं लागतं. पुलावरून न जाता त्या एका दिवशी मी नावेने जायचो आणि मध्यावर आल्यावर माशांना नानखटाई द्यायचो. पिठाच्या गोळ्या निदान तरंगतात; ही सरळ तळाशी जायची. तिसऱ्या वर्षी मी डबा मांडीवर घेऊन नावेत बसलो आणि शेजारी येऊन कोण बसावं, तर मामा. त्यांनी डबा ओळखला. मी घाबरून म्हटलं, "रामनगरला एक मित्र आहेत, सिंहसाहेब. त्यांना फार आवडते, म्हणून घेऊन चाललोय." मामांचा चेहरा असा उजळला की मला नावेतून उडी मारावीशी वाटली. पुढच्या वर्षी आमच्याकडे दोन डबे आले, एक सिंहसाहेबांचा, त्यात त्यांचा स्वतंत्र कागद, हिंदीतून. तो मी डाव्या हाताने भरला. मग मामांनी सिंहसाहेबांना भेटायची जिद धरली, तेव्हा मी त्यांची गोरखपूरला बदली केली. मामा हळहळले. म्हणाले, "अच्छा माणूस होता. 'थोड़ी और मीठी हो' असं त्याने एकट्याने लिहिलं होतं."

हे असंच चालायचं, पण यंदा मामांनी हद्द केली. आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं स्नेहमिलन असतं. दीडशे पानं उठतात. मामांनी निरोप धाडला की यंदा फराळाच्या प्रत्येक ताटात त्यांची नानखटाई राहील, खर्च आणि मेहनत त्यांची. मंडळाच्या बैठकीत हा निरोप वाचला गेला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. दीडशे माणसं, त्यांत बाहेरून आलेले पाहुणे, आणि समोर मामा कागद घेऊन उभे. शेवटी एक ठराव झाला: स्नेहमिलनात यापुढे कोणीही घरी केलेला पदार्थ आणू नये, फक्त हलवायाचाच आणावा. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. चकलीवाल्या जोशीकाकू उगाच भरडल्या गेल्या. मी मंडळाचा सचिव. अध्यक्ष म्हणाले, "तुमचेच सासरे आहेत, चिठ्ठी तुम्हीच द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. नऊ वर्षं अतिउत्तम लिहिणारी ती सगळी मंडळी होती आणि तो ठराव माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता.

दुपारी चारच्या सुमाराला मी मामांकडे गेलो. घरात तुपाचा वास दरवळत होता. मामांनी चिठ्ठी घेतली, चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि घडी घालून परत दिली.

"हे माझ्यासाठीच काढलंय ना?"

"नाही हो मामा," मी म्हटलं, "सगळ्यांसाठीच नियम आहे. आजकाल आरोग्याच्या दृष्टीने…"

"जावईबापू, बसा."

ते आत गेले आणि एक जाडजूड फाईल घेऊन आले. तीत नऊ वर्षांचे सगळे कागद वर्षावार लावलेले होते. त्यातला एक गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला. "हे चौथ्या वर्षाचे. वाचा." मी वाचू लागलो. गोडी: उत्तम. गोडी: अगदी बेताची. गोडी: मामींची आठवण झाली. खाली माझा कागद होता. 'गोडी अप्रतिम', माझी सही.

"त्या साली मी साखर घातली नव्हती," मामा म्हणाले. "मीठ घातलं होतं. तीनशे ग्राम."

मी कागदावरून नजर वर उचलली नाही. मामांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पण ते प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तसे सांगत होते. "मला शक होताच. सगळे एकच लिहितात, असं होत नाही कधी. मातीचे दोन नमुने सारखे निघत नाहीत, तर एकतीस जिभा कशा निघतील? मग मीठ घालून बघितलं. कळलं, कोणी खातच नाही. तुमचे सिंहसाहेब तर बिचारे मीठ खाऊन म्हणाले, थोडी और मीठी हो." ते जरासे हसले. "लिहायला त्यांना डावा हात वापरावा लागतो, नाही का?"

मी विचारलं, "मग मामा, पाच वर्षं कशाला केलंत हे सगळं?"

"घरून डबे जायला पाहिजेत," ते म्हणाले. "तिच्या वेळी जायचे. ते बंद कसे करू? आणि मला वाटायचं, कधी तरी कोणी चुकून एक तोंडात टाकील आणि मला खरं सांगेल. एकानं तरी. बस, तेवढ्यासाठी."

मग ते चहा करायला उठले. मी तिथेच बसून राहिलो. मला त्यांची लाज वाटत होती आणि स्वतःची त्याहून जास्त. त्यांनी चहाबरोबर बशी आणली, तीत सहा नानखटाया. दीडशे ताटांसाठी काढलेला नमुन्याचा घाणा. "राहू द्या," ते म्हणाले, "फक्त रिवाज म्हणून ठेवली. तुम्ही चहा घ्या."

मी एक उचलली, प्रायश्चित्त म्हणून. दात जपून लावला, तर दात लावायची गरजच पडली नाही. ती जिभेवर ठेवल्याबरोबर विरघळली. तूप, वेलची, कडेला जराशी खरपूस, आतून नरम. मी घास गिळला आणि दुसरी उचलली, कारण माझा विश्वास बसेना. अशी नानखटाई मी बनारसच्या कुठल्याही दुकानात खाल्लेली नव्हती. मी फाईलमधली मामांची वही ओढून घेतली. पहिल्या वर्षी एकशे पाच. मिठाच्या वर्षानंतर एकशे तीस, मग एकशे चाळीस, मैदा कमी, बेसन थोडं, रवा थोडा, वेळ चोवीस तासांवरून चोवीस मिनिटांवर. आम्ही कोणीच काही सांगत नाही म्हटल्यावर या माणसाने एकट्याने, स्वतःच्या जिभेच्या भरवशावर, पाच वर्षांत ही नानखटाई साधली होती. आणि त्या पाच वर्षांत ती गाईंनी खाल्ली, माळ्यावर किडली, माझ्या हाताने गंगेच्या तळाशी गेली.

"मामा," मी म्हटलं, माझा आवाज जरा चढलाच असावा, "ही फार सुंदर झालीये. खरंच सांगतो. अशी मी कधी खाल्ली नाही. मी आत्ता अध्यक्षांकडे जातो, तो ठराव फाडून टाकतो. खरंच, मामा, अप्रतिम आहे."

बोलता बोलताच मला कळलं की यातला एक शब्दही मी त्यांना पहिल्यांदा ऐकवत नव्हतो.

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, तराजूचा काटा स्थिरावायची वाट बघतात तसं. मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही फार भले आहात, जावईबापू," ते म्हणाले. "बुड्ढ्याचं मन राखता."

मी शपथ घेणार होतो, पण कुणाची घेऊ? बशीतल्या उरलेल्या चार नानखटाया मी एकामागून एक खाल्ल्या, पोट भरलं होतं तरी खाल्ल्या, आणि मामा समोर बसून डोळे पुसत "बस करा, बस करा आता" म्हणत राहिले, कारण त्यांना वाटत होतं की त्याही मी त्यांच्याचसाठी खातो आहे.